सतरा दाण्यांचा तरंगता दगड

म्या माह्या सख्ख्या भावावर बावीस दिवस पाळत ठेवली, हे पयलेच सांगून टाकतो. मंग कोणी म्हणाले नको का सूर्यभाननं आपलं झाकून ठेवलं अन् भावाचं तेवढं सांगतलं. ताथोडाच्या घराण्यात झाकपाक नाई.

भावाचं नाव गजेंद्र. अकोटले बसस्टँडच्या मांगच्या गल्लीत त्याचं मोटर वायंडिंगचं दुकान हाये. आमचं गाव तिथून दोन कोस. तालुक्यात कोणाच्याबी विहिरीवरची मोटर जळली का लोक ती ऑटोत टाकून नाई त मोटरसायकलच्या मांगं बांधून गजेंद्रकडे आणतात. दुसरे मेकॅनिक तांब्याचा तार मशिनीवर गुंडाळतात, माहा भाऊ हातानं गुंडाळते. तार बोटातून जाऊन रायला असला का त्याचे ओठ हलतात. म्या एकदा इचारलं, "किती येढे झाले बे?" त म्हणे, "मोजत नाई दादा. भरलं का बोट सांगते."

हा गुण त्याच्यात आला कोणाच्यानं? माह्याच्यानं. तो सहा वर्साचा असन, बापानं नवाच आणलेला रेडिओ त्यानं खोलून सतरंजीवर मांडून ठेवला. बाप माराले धावला. मी आडवा झालो, म्हणलं, "माराचं त मले मारा, त्याचा हात नका मोडू." चार तडाखे म्या खाल्ले. आता तुमीच सांगा, त्या दिवशी तो हात मोडला असता त अर्ध्या तालुक्याच्या मोटरा कोणी भरल्या असत्या? माहं शिक्षण सातवी. त्याले म्या बारावीपर्यंत रेटलं. बारावीत तो दोनदा नापास झाला, ते मास्तर लोकायच्या चुकीनं.

खोड एकच. बोलत नाई. दहा गोष्टी इचारल्या त एकीचं उत्तर देते, तेही अर्धं. असा माणूस काहीच करत नसला तरी काहीतरी करून रायला, असं वाटते. अन् पोळ्यानंतर तो खरंच काहीतरी करून रायला होता.

पावसाचे दिवस म्हणजे मोटरा बंद, वायंडिंगवाल्याले काम नाई. तरी हा सकायी आठले जाये अन् सांजी सातले घरी ये. दुकानाच्या मांगच्या खोलीले त्यानं नवं कुलूप आणलं. एक दिवस मी डबा घेऊन गेलो त खोलीच्या दारातच आडवा उभा.

"दादा, मोबाइल बाहेर ठेव. घड्याळही काढ."

"काहून?"

"बिघडन."

"कोण, मी का घड्याळ?"

हसला नाई. म्या माहं लग्नातलं घड्याळ काढून त्याच्या हातात देलं. तरी त्यानं मले आत घेतलं नाईच. डबा घेतला, दार लावलं. घड्याळ काउंटरवर ठेवलं होतं, ते म्या आपलं आपण उचललं. चाळीस एकरवाल्यायच्या बैठकीत लोक ज्याले पयले खुर्ची देतात तो मी, अन् माह्या भावानं मले दारातून परतवलं!

मंग म्या मायवर ध्यान ठेवलं. माय केशरबाई. बहात्तर वर्साची. गावच्या येशीबाहेर जाचं म्हणलं का गुडघे दुखतात तिचे. ते गुडघे घेऊन ती दिवसाआड गजेंद्रच्या मोटरसायकलवर बसून अकोटले जाऊन रायली. सोबत पिशवी. पिशवीत म्या हात घालून पायला त मेथीचे दाणे अन् जुने पेपर.

"कुठी गेल्ती माय?"

"दवाखान्यात."

"कायच्या?"

"गुडघ्याच्या."

"मंग नखात हे पांढरं कायचं?"

"डाक्टरनं लावलं."

"नखाले?"

"तू डाक्टर हायेस का? भाकर खाय अन् वावरात जाय."

माह्या बायकोले, जमुनाले म्या म्हणलं, "माय खोटं बोलून रायली." त ती म्हणे, "तुमी इतके सवाल कराल त देवही खोटं बोलन."

तिसऱ्या आठवड्यात पांढरी गाडी आली. एमएच सत्तावीस, म्हणजे अमरावतीची. काळा चष्मा घातलेला एक बारीक माणूस उतरला, मांगच्या खोलीत गेला, अर्ध्या तासानं निघाला. मी समोरच्या रसवंतीत बसलो होतो. जाताना त्यानं मोबाइलमंदी फोटो पायला अन् गजेंद्रच्या पाठीवर थाप मारली. चार दिवसानं परत आला, या खेपेले टेप घेऊन. दुकानात मोटर नाई, पंप नाई, मोजमाप कायचं?

हे म्या शालिकरामले सांगतलं. शालिकराम माह्या वावराच्या धुऱ्याले धुरा असलेला शेजारी. त्यानं इकडंतिकडं पायलं अन् हळूच म्हणे, "सूर्यभान, चुंबक दिसला का कुठी?"

"मोबाइल अन् घड्याळ बाहेर ठेवाले लावते."

"अन् तांब्याचं भांडं?"

"पाणी प्याचा तांब्याचा लोटा हाये त्याच्यापाशी. पयले दुकानात नव्हता."

शालिकरामनं डोक्शाले हात लावला. "राईस पुलर."

ज्यायले माईत नाई त्यायच्यासाठी सांगतो. आमच्याकडे ठग लोक फिरतात. म्हणतात, तांब्याचं एखादं जुनं भांडं, ज्याच्यावर कधीकाळी ईज पडली, ते तांदूळ ओढते. दाणा जवळ नेला का सरकत येऊन चिपकते. असं भांडं म्हणे परदेशातले शास्त्रज्ञ कोटीकोटीले घेतात. तुमाले एक दाणा ओढून दाखवतात. दाण्यात लोखंडाचा कण घातलेला अन् भांड्यात चुंबक लपवलेला. मंग तपासणीसाठी म्हणून तुमच्यापासून पैसे घेतात अन् पांढऱ्या गाडीत बसून जातात ते जातातच. तीन वर्साआधी आमच्या गावात आले होते. शालिकराम फसला, अजून तिघं फसले. मी फक्त पायाले गेलो होतो.

तवापासून मले तांदूळ, तांबं अन् चुंबक एका जागी दिसले का धडकी भरते.

मंग एक दिवस गजेंद्र घरी म्हणाला, "उद्या अकोल्याले जाऊन येतो." बस. कायले, कोणाकडे, काही नाई. मी दुसऱ्या दिवशी त्याच्याच बसमंदी मांगच्या दरवाजातून चढलो. दुपट्टा तोंडाले गुंडाळला, फक्त डोळे मोकळे. तो समोर खिडकीपाशी. सगळं बराबर चाललं होतं, त कंडक्टर माह्यापाशी आला अन् मोठ्यानं म्हणे, "काय सूर्यभानभाऊ, दात दुखून रायला का?" गावागावात वळख असली का असं होते. पण गजेंद्रनं मांगं वळून पायलं नाई. त्याच्या मांडीवर चोपडी होती, त्यात तो गोल गोल काही काढून रायला होता.

अकोल्याले तो एका भंगारवाल्याकडे गेला. फुटके स्पीकर घेतले, स्क्रूड्रायव्हरनं तिथीच खोलले, त्यातले काळे गोल चुंबक काढले अन् बाकीचं त्यालेच परत देलं. मंग रेडिओच्या पार्टवाल्याकडे. तिथून बटणाएवढे चकचकीत चुंबक घेतले, कागदात एकएक येगळा गुंडाळून. मी खांबामांगं उभा. माह्या डोक्शात एकच, पोट्टं ठगायच्या टोळीत गेलं. ते फसून रायलं असलं तरी बुरं, अन् फसवून रायलं असलं त त्याच्याहून बुरं.

बुधवारी मौका भेटला. गजेंद्र एका विहिरीवर मोटर उतरवाले गेला होता. माय दुकानात राखण बसली अन् खुर्चीतच तिचा डोळा लागला. खोलीची किल्ली तिच्या पदराच्या गाठीत. सत्तेचाळीस वर्साचा मी, अन् मायच्या पदराची गाठ सोडून रायलो. लहानपणी सोडत होतो तशीच सुटली.

आत टेबल. टेबलावर लाकडाचा पाट, पाटात तांब्याच्या तारेचे चार वेटोळे, त्यायच्या भवती स्पीकरचा काळा चुंबक. बाजूले तांब्याचा लोटा. लोट्यापाशी ताटली. ताटलीत तांदूळ.

अन् पाटाच्या दोन बोटं वर, हवेत, काळा दगड.

मोठ्या कवठाएवढा. भेगा पडलेला. भेगांच्या आत इस्तो असावा तशी लाल धग. हळूहळू आपल्या आपण फिरून रायला होता. म्या वरतं हात फिरवला, दोरी नाई. खिशातलं बसचं तिकीट काढून दगडाच्या खालून घातलं, इकडून तिकडे निघालं. घराण्यात असं कोणी केलं नव्हतं. एक मन म्हणे, वा रे माह्या भावा. दुसरं म्हणे, सूर्यभान, हाच तो सापळा. हा दगड दाखवतील, लोक येडे होतील, अन् अकोटच्या लोकायच्या शिव्या ताथोडाच्या नावानं पडतील.

म्या भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं.

दगड ठकदिशी पाटावर चिपकला अन् कवठासारखा मधून फुटला.

आतून पोकळ. दगड नव्हताच तो. कागदाचा लगदा, वाळलेला, अन् तळाशी तो बटणाएवढा चुंबक. खोलीत मेथीचा वास पसरला. एका फाकीच्या आतून तांदळाचे दाणे गोंदानं चिकटवलेले. माय दारात उभी होती.

"चोर कुठचा! पदराची गाठ सोडली ना माही?"

गजेंद्र अर्ध्या तासानं आला. हाताले ग्रीस. त्यानं टेबलाकडे पायलं, मंग माह्याकडे.

"बटण तू बंद केलं?"

"हो."

"काहून?"

"तू फसून रायला म्हणून. राईस पुलरमंदी."

तो हसला. बावीस दिवसात पयल्यांदा. हसता हसता थांबला, स्टुलावर बसला अन् म्हणे, "दादा, रविवारी उद्घाटन हाये."

मंग त्यानं सांगतलं. एका दमात इतकं बोलताना म्या त्याले कधी ऐकलं नव्हतं. अमरावतीले नवा सिनेमा हॉल उघडून रायला. मालकीण वर्षालीताई. तिथल्या पंख्यायच्या मोटरा भराले गजेंद्र गेला होता. त्याच्याआधी तो आपल्या पोरीले, आचलले घेऊन अमरावतीतच एक इंग्रजी सिनेमा पाहून आला होता. परग्रहाची राणी, तिच्या दरबारात हा काळा दगड हवेत उभा रायते. मनात खोट असलेला माणूस जवळ आला का दगड खाली पडते. आचल म्हणे, बाबा, असा करून द्या. हे त्यानं वर्षालीताईले सहज सांगतलं. ताई म्हणाली, "तुम्ही हातानं करून आणा, मी तिकीट खिडकीसमोर काचेच्या पेटीत ठेवते. खाली पितळी पाटीवर तुमचं नाव लावते. पण हातानं केलेलाच पाहिजे, बाजारातला नको." काळ्या चष्म्याचा माणूस तिचा मॅनेजर, नितेश. पेटीचं माप घ्याले आला होता.

"अन् तांदूळ?"

"दगड एका बाजूले कलते. हलक्या बाजूनं आतून एकएक दाणा लावतो. त्याच्याहून हलकं वजन नाई माह्यापाशी."

"लोटा?"

"पाणी प्याले. मायनं देला."

"मंग मले काहून सांगतलं नाई?"

गजेंद्र फुटके तुकडे उचलाले लागला. मायच बोलली. "सांगतलं असतं त तू गावभर दवंडी देली असती. मांगच्या साली उन्हावर चालनाऱ्या मोटरीची देली तशी. मोटर झालीच नोती, अन् दहा लोक पाहाले आले. माह्या लेकराले मांगच्या दारातून पळा लागलं. अन् आता पाय. त्या शिनेमात लिवलं तसंच झालं. खोटवाला जवळ आला, दगड पडला."

ते मोटरीचं झालं होतं. पण ती जवळजवळ झालीच होती, असं मले अजूनही वाटते.

त्याची पितळी पाटी म्या माह्या हातानं घालवली होती. म्या म्हणलं, "चार दिवस हायेत. सांग काय करू." तो म्हणे, "मेथ्या वाट."

आमच्याकडे बाया जुन्या कागदाचे टोपले करतात. कागद भिजवाचा, मेथी घालून कुटाचा, मडक्यावर थापाचा, वाळला का मडकं काढून घ्याचं. मेथीनं लगदा चिवट होते अन् कीड लागत नाई. ती सगळी युक्ती मायची. हवेत उभं ठेवाचं त वजन पावशेरही नको, म्हणून गजेंद्रले कागद सुचला, अन् कागद म्हणलं का माय. रात्रंदिवस मोटर भरणाऱ्या माणसाले सिनेमाचा दगड शिकवला बहात्तर वर्साच्या बाईनं, जिनं कधी हॉल पायला नाई.

पावसात लगदा वाळे ना. गजेंद्रनं मोटरीचं वार्निश वाळवाचा पेटारा उघडला. पत्र्याची पेटी, आत चार मोठे बल्ब. त्यात दगड ठेवला. गुरुवारी सांजपर्यंत खणखणीत झाला.

शुक्रवारी रंग. मले वाटे काळा दगड म्हणजे काळा रंग मारला का झालं. गजेंद्रनं पयले काळा मारला, त्याच्यावर गर्द निळा, अन् तो ओला असतानाच फडक्यानं पुसून टाकला. म्या म्हणलं, लावला कायले अन् पुसला कायले? पण खड्ड्यात निळा रायला अन् वरतं काळा आला, त दगड खोल दिसाले लागला. मंग ब्रश राखाडी रंगात बुडवून कागदावर पुसून पुसून कोरडा केला अन् फक्त उंचवट्यायवरून फिरवला. भेगांत पयले पांढरा, मंग पिवळा, नारिंगी, काठावर लाल. सरळ उलटं. मले वाटे बाहेरून लाल देऊन आत पिवळा टाकावा. तो म्हणे, इस्तो आतून बाहेर येते दादा.

दुपारी तो जेवाले गेला. मले बसवे ना. सिनेमातल्या दगडावर जागोजागी गंज होता, हे त्यानं सांगतलं होतं. म्हणलं, रंगाचा खोटा गंज कायले? मी शेजारच्या लेथवाल्या खराद्याकडून लोखंडाचा बारीक कीस आणला अन् ओल्या रंगावर चांगला दाबून भुरभुरला. अस्सल गंज, तोही गजेंद्र येण्याच्या आत.

गजेंद्रनं येऊन दगड पाटावर धरला. दगड हातातून हिसका देऊन आडवा झाला अन् पाटाकडे असा झेपावला का त्यानं खाली हात घातला नसता त दुसरा दगडही गेला असता. त्याच्या बोटाले चांगलाच चिमटा बसला. त्यानं दगडावरून अंगठा फिरवला, अंगठ्याकडे पायलं.

"दादा. चुंबकावर लोखंड?"

"अस्सल म्हणून..."

"अस्सल नाई पायजे. दिसाले पायजे."

सगळा रंग खरवडा लागला. शुक्रवारचं काम शनवारी परत. गंजासाठी मायनं घरून अंगणात घालाचा गेरू आणला, तो पाण्यात कालवून स्पंजानं टिपला. माह्या लोखंडापेक्षा गंज दिसला, हे मले मान्य करा लागते.

शनवारी सांजी दगड हवेत उभा रायला, पण मान वाकडी. गजेंद्रनं खालचं झाकण काढलं, चिमटा माह्या हातात देला. "तू लाव." एक दाणा आत, हलक्या बाजूले. मान थोडी सरळ. अजून एक. बारा झाले, चवदा झाले. सोळाव्याले जवळजवळ सरळ, सतरावा लावला त दुसरीकडे कलला. म्या सतरावा काढला, दातानं अर्धा तोडला, अन् अर्धाच लावला. दगड सरळ. गजेंद्र नुसतं म्हणे, "हूं." त्याच्या तोंडून हूं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून टाळ्या.

रविवारी सकायची अमरावतीची बस. दगड मायच्या टोपल्यात माह्या मांडीवर, पाट गजेंद्रपाशी. पाट पिशवीत होता तरी चुंबक सीटच्या लोखंडी दांड्याले चिपकला. आमी दोघं ओढून रायलो, निघे ना. बस थांबलेली, लोक पाहून रायले. एक बाई म्हणे, "काय हाये त्यात? पोलिसायले बलवा." दुसरा म्हणे, "पितळ पॉलिशवाले दिसतात." मी उभा रायलो अन् सांगतलं का आमी अकोटचे ताथोड हावो, अन् माह्या भावाचं नाव आज पितळी पाटीवर लागून रायलं. लोकायचा संशय अजूनच वाढला. शेवटी ड्रायव्हरनं पाना घालून पाट सोडवला.

हॉल चकाचक. काचेची पेटी तयार, खाली स्क्रूचे दोन छेद, पाटी अजून लागली नव्हती. वर्षालीताई स्वतः तिथी उभी. गजेंद्रनं पाट ठेवला, पीन लावली, दगड दोन्ही हातात धरून हळूहळू सोडला. उभा रायला. ताईनं तोंडावर हात ठेवला.

नितेशनं काळा चष्मा वर केला, जवळून पायलं, मंग मोबाइल काढला.

"मॅडम, एक मिनिट. मी दुकानात फोटो घेतला होता. या दगडाच्या भेगा बघा आणि त्या बघा. हा तो नाहीच."

ताईनं फोटो पायला, दगड पायला. चेहरा बदलला.

"गजेंद्रभाऊ, हा दुसरा आहे?"

"हो."

"पहिला कुठे गेला?"

"बुधवारी फुटला."

"कसा?"

गजेंद्रनं माह्याकडे पायलंही नाई. "फुटला," तेवढंच म्हणे.

नितेशनं मोबाइलवर दुसरं चित्र काढलं. याच सिनेमाचा असाच तरंगता दगड, डब्यात भरून ऑनलाइन भेटते. "चार दिवसांत घरपोच येतो, मॅडम. हातानं करायला यांना तीन आठवडे लागले होते. मग चार दिवसांत दुसरा कसा झाला?"

ताई हळूच म्हणाली, "दगड छान आहे, तो मी ठेवते. पण पाटी नको. उद्या कोणी डब्यातला आणून शेजारी ठेवला, तर मी काय सांगू?"

गजेंद्र पाटाची वायर सरळ करून रायला होता. त्याले सांगता आलं असतं. एकच वाक्य, दादानं फोडला. तो बोलला नाई. काहून नाई बोलला हे मले माईत होतं. मी बसमंदी सगळ्यायसमोर छाती काढून उभा रायलो होतो, ते त्यानं पायलं होतं.

मले आयुष्यात बोलाचं वावडं नाई. पण त्या टायमाले जीभ टाळूले चिपकली, पाट सीटले चिपकला तशी.

"म्या फोडला, ताई," म्या म्हणलं. "मी याचा मोठा भाऊ."

"तुम्ही? का?"

"मले वाटलं हा ठगायच्या टोळीत गेला. तांब्याच्या लोट्यावर तांदूळ ओढून दाखवतात ना, ते. खोलीत तांबं पायलं, चुंबक पायला, तांदूळ पायले. बटण बंद केलं, दगड पडला."

नितेश हसला. "एवढ्यावरून? राईस पुलर? त्याला कोण फसतं आता?"

गावात तीन वर्स मी सांगत आलो होतो का मी फक्त पायाले गेलो होतो. शालिकरामलेही तेच माईत. जमुनालेही.

"मी फसलो," म्या म्हणलं. "माहे पैसे गेले त्यात. म्हणून भ्यालो."

गजेंद्रनं वायर सोडली अन् माह्याकडे पायलं. म्या टोपलं खाली ठेवलं. "आता झाकण उघडा. तुमीच उघडा, आमी हात लावत नाई. आत सोळा अख्खे तांदूळ निघतील अन् एक अर्धा. अर्धा म्या दातानं तोडला, त्याची कड सरळ नाई. अन् वास घ्या. डब्यातल्याले मेथीचा वास येत असन त पाटी लावू नका."

ताईनं दगड उतरवला, उलटा केला, झाकण काढलं. नाकापाशी नेला. मंग खिडकीच्या उजेडात आत बोट घालून मोजाले लागली. नितेश तिच्या खांद्यावरून मोजून रायला होता, ओठ हलवत. सोळापाशी ती थांबली. शेवटचा सुटून तिच्या तळहातावर पडला. अर्धा.

तिनं तो दाणा डोळ्यापाशी धरून लय येळ पायला.

"नितेश," ती म्हणाली, "पाटी आणा."

"मॅडम, पण..."

"आणि स्क्रूड्रायव्हर."

गजेंद्रनं खिशातून चिमटा अन् गोंद काढला अन् माह्याकडे धरला. "दादा, दाणा सुटला. दगड कलन." म्या अर्धा दाणा त्याच जागी लावला, गोंद वाळेपर्यंत फुंकर घातली. दगड सरळ उभा रायला. खाली पाटी लागली. गजेंद्र ताथोड, अकोट. म्या ती तीनदा वाचली. अक्षर चुकलं नव्हतं.

पयल्या शोचे लोक आले. कोणी सिनेमाकडे जाये ना, सगळे पेटीभवती. एक म्हातारा पेटीच्या वरून हात फिरवून रायला, कुठी दोरी हाये का म्हणून. त्याची बायको म्हणे, खालून काच असन. एक जण म्हणे, आरशाचा खेळ हाये, मले माईत हाये. मी सांगाले पुढं झालो. गजेंद्रनं माही बाही धरली.

"राऊ दे दादा. पाहू दे त्यायले."

मी मांगं उभा रायलो. शो सुरू झाला, लोक आत गेले, हॉलबाहेर आमी दोघंच. गजेंद्र बोर्डाचं बटण पायाले गेला. तेवढ्यात म्या पटकन जाऊन पेटीच्या वरतं एकदा हात फिरवून पायला.